अकरावा स्लॉट

वकील चुकला होता, ताई बरोबर होती, आणि तिच्या हक्काचा एक स्लॉट आपण चार वर्षं दाबून ठेवला हे वकिलाने स्वतःच्या हाताने लिहून मान्य केलं. निकाल लागला. आता हे वाक्य कुणी वाचलंच नाही असं धरून पुढे जाऊ या. चूक उघडकीला आली तेव्हा हजर असलेल्या दोघांनीही तेच केलं होतं. मामाने चष्मा पुसायला घेतला, आणि लिफ्टवाल्याने खिडकी नसलेल्या भिंतीकडे बघून बाहेर ऊन फार आहे असं सांगितलं.

तर, काहीही झालेलं नाही. रविवारची दुपार आहे आणि मामाच्या लॅबमध्ये खेळ मांडलेला आहे.

वकील हा वकील नव्हता. तो मामाच्या लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायचा. पण लहानपणी सापशिडीत नेमकं दान पडल्याशिवाय तो कुणाला शंभराच्या घरात शिरू द्यायचा नाही, जन्मदात्या आईलाही नाही. तेव्हा ताईने त्याला हे नाव ठेवलं आणि ते कवळीसारखं घट्ट बसलं. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. मामा दोघांचा सख्खा मामा. लिफ्टवाला कुणाचाच कुणी नव्हता. सहा वर्षांपूर्वी तो इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला आला, जाता जाता खेळ बघत दारात उभा राहिला, आणि मग बसलाच. लिफ्ट अजून बंद आहे.

खेळ असा की एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होतात, आणि काही धाडस करायचं असलं की फासे टाकतात. सूत्रधार अर्थातच वकील. सैनिक-राक्षस विकत आणायची गरज नव्हती, कारण लॅबमध्ये नापास झालेल्या कवळ्या पोत्याने होत्या. वरची कवळी म्हणजे राक्षस, खालची म्हणजे सैनिक, सुटे दात म्हणजे गावकरी. कवळीची उघडझाप तपासायचं पितळी यंत्र ड्रॅगन व्हायचं. त्याला जबडा आयताच होता. मामाचं पात्र म्हणजे एकोणीस वर्षांची वनपरी. मामा स्वतः एकसष्टचा आणि मिशीवाला. यावर कुणी कधीही हसलं नाही, पहिलं वर्ष सोडलं तर.

टेबलाला चार खुर्च्या होत्या आणि चौथीवर प्लास्टरची पिशवी ठेवलेली असे. प्लास्टर ठेवायला लॅबमध्ये दुसऱ्या छप्पन जागा होत्या. पण रिकामी खुर्ची बघत खेळण्यापेक्षा ते बरं. ती पिशवी उतरावी आणि तिथे पुन्हा ताईने बसावं, एवढी एकच गोष्ट वकिलाला चार वर्षं हवी होती, आणि ती त्याने कुणाला म्हणजे कुणालाच सांगितली नव्हती. ताईला तर मुळीच नाही. तिच्याशी तो वर्षातून दोनदा बोलायचा, दोघांच्या वाढदिवसांना, आणि दोन्ही वेळा हवामानावर.

"मला माझ्या पोरीला दुसरा पेशा लावायचाय," मामा म्हणाला. पोरगी म्हणजे वनपरी.

"का?"

"नुसत्या जादूवर किती दिवस काढणार ती? हाताशी काहीतरी असावं."

"स्थळ बघताय का मामा?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"तू गप रे. जिने चढून चढून लोकांचे गुडघे गेले तुझ्यामुळे."

वकिलाने नियमांचं पुस्तक पुढे ओढलं. दोन-तीन पेशे एकत्र करायचं प्रकरण त्याने चार वर्षांत उघडलेलं नव्हतं. कारण सांगायचं झालं तर गरज पडली नाही, हे.

"मामा, नीट ऐका. मंत्र येणं वेगळं आणि मंत्र टाकायला जागा असणं वेगळं. त्या जागेला स्लॉट म्हणायचं. स्लॉट म्हणजे रिकामी बरणी समजा. बरण्या लहानमोठ्या असतात. पहिल्या दर्जाची सगळ्यात लहान, मग दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या. मंत्र टाकला की बरणी खर्ची पडली. झोप काढून उठलं की परत मिळते."

"म्हणजे दोन पेशे घेतले की दोन्हीकडच्या बरण्या माझ्या."

"तिथेच सगळे फसतात. मंत्र ज्या त्या पेशाने शिकवायचे, पण बरण्यांचं कपाट एकच. पेशा पूर्ण जादूचा असेल, पुजारी वगैरे, तर त्याच्या सगळ्या लेव्हल धरायच्या. अर्ध्या जादूचा असेल, म्हणजे मुळात लढवय्या आणि मधूनमधून मंत्र म्हणणारा, तर निम्म्या. त्यांची बेरीज करायची, तक्त्यात बघायचं, तेवढ्या बरण्या."

"आणि बरणी मोठी मिळाली, पण तेवढा मोठा मंत्र मला येतच नसला तर?"

"छोटाच मंत्र मोठ्या बरणीत टाकायचा. जास्त जोरात लागतो."

"आमच्याकडे साहेबाच्या खुर्चीत मदतनीस बसवतात तसं," लिफ्टवाला म्हणाला.

"तो जोरात लागतो का?"

"बेल जोरात मारतो."

वकिलाने तक्ता दाखवायला पान उलटलं. तक्त्याच्या खाली, कोपऱ्यात, रुपयाएवढा गुलाबी ठिपका होता. कवळीच्या हिरड्यांसाठी जे मेण वितळवतात, ते.

"ते माझं," मामा कौतुकाने म्हणाला. "अगदी सुरुवातीला सांडलं होतं."

मेण दिसलं की खरवडायचं, ही वकिलाच्या हाताची सवय होती. त्याला डोकं लागत नसे. त्याने सुरी घेतली, पात्याला स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊब दिली आणि ठिपका अलगद उचलला. खालून एक ओळ निघाली, बारीक अक्षरातली, हिरडीतून अक्कलदाढ यावी तशी:

अर्ध्या जादूच्या सर्व पेशांच्या लेव्हल आधी एकत्र कराव्यात, मग निम्म्या कराव्यात. उरलेला अर्धा सोडून द्यावा.

वकिलाने ती वाचली. मग त्याने टेबलावरचा कागद ओढला आणि हिशोब मांडला. मग दुसऱ्यांदा मांडला. तिसऱ्यांदा कॅल्क्युलेटरवर केला, कारण बोटांवरचा त्याचा विश्वास उडाला होता.

ताईचं पात्र तीन पेशांचं होतं. पुजारीण, चार लेव्हल. व्रतस्थ योद्धा, तीन. वनरक्षक, तीन. पुजारिणीचे चार पूर्ण, यात वाद नव्हता. बाकीचे दोन्ही पेशे अर्ध्या जादूचे. पण वकिलाने त्या वेळी तीनचे निम्मे दीड केले, अर्धा सोडला, राहिला एक. पुन्हा तीनचे निम्मे दीड, पुन्हा अर्धा सोडला, पुन्हा एक. चार, एक आणि एक, सहा. सहाला तक्त्यात दहा बरण्या होत्या. खरं म्हणजे तीन आणि तीन आधी मिळवायचे होते. सहा, सहाचे निम्मे तीन, आणि चार मिळून सात. सातला अकरा बरण्या होत्या, आणि अकरावी चौथ्या दर्जाची, सगळ्यात मोठी. त्याने दोन अर्धे सोडून दिले होते, आणि ते दोन अर्धे मिळून तो एक होता.

"मामा," तो म्हणाला, "ताई बरोबर होती."

यानंतर चष्मा पुसणं आणि भिंतीपलीकडचं ऊन हे झालं.

चार वर्षांपूर्वीचा तो रविवार असा होता. पात्रं बुडालेल्या किल्ल्यात शिरली होती. त्या किल्ल्याला एक म्हातारा दारवान होता, सूत्रधाराचा, म्हणजे वकील त्याचा आवाज काढायचा: नाक दाबून, सर्दी झाल्यासारखा. दारवानाला एकच वाक्य यायचं. "पाय पुसले का?" राजा येवो, राक्षस येवो, तो आधी हेच विचारायचा. सगळ्यांना तो आवडायचा आणि वकिलाला सगळ्यांत जास्त. इतका की जिथे दार नाही अशा गोष्टीतही तो दारवानाला घुसवायचा. एकदा तर वाळवंटात, पाठीवर नुसती चौकट घेऊन, तीनशे कोस चालत आणला होता.

त्या दिवशी ड्रॅगनने छत पाडलं. पुजारीण दगडाखाली, दारवान तिच्या शेजारी, दोघांची धुगधुगी राहिलेली. पाळी ताईची होती. तिच्या दहाही बरण्या संपल्या होत्या.

"अकरावी आहे ना रे माझी?" ताई म्हणाली.

"नाही."

"आहे. तीन आणि तीन सहा..."

"प्रत्येकाचं वेगळं धरायचं, ताई. अर्धा सोडायचा. तक्त्यात आहे."

"एकदा बघ तरी."

"बघायचंय काय त्यात? अर्ध्या-अर्ध्याची मोट बांधून पूर्ण होत नसतं. कधी शिकणार तू?"

मामाच्या हातातला फासा तसाच राहिला. ताईने आपला कागद चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला. आपले फासे एकेक करून रुमालाने पुसले, तेही पर्समध्ये गेले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. "मला उशीर होतोय," ती म्हणाली. कुठे जायला, ते कुणी विचारलं नाही. चार मजले तिची पावलं ऐकू येत राहिली, कारण लिफ्ट बंद होती. वकिलाने तिची वाट पाहिली, चांगली दहा-अकरा मिनिटं, मग शास्त्र म्हणून फासे टाकले आणि पुजारीण मेली, दारवान मेला, असं वहीत लिहिलं. महिन्याभरात ताईने दुसऱ्या शहरात नोकरी धरली आणि गेली.

एका खेळावरून कोण घर सोडतं? कुणीच नाही. खरं कारण वकिलाला सहा महिन्यांनी मामाकडून कळलं. ताई तेव्हा सकाळी ग्रंथालयात अर्धवेळ काम करायची आणि दुपारी शाळेत चित्रकला शिकवायची, तीही अर्धवेळ. इथे तीन वर्षं, तिथे तीन वर्षं. दोन्ही नोकऱ्या एकाच कार्यालयाच्या. दोन्हीकडची अर्धी वर्षं मिळवली तर पूर्ण तीन होतात, आणि तीन भरली की माणूस कायम होतो, म्हणून तिने अर्ज केला होता. त्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी उत्तर आलं. दोन्ही सेवा स्वतंत्र धरण्यात येतील. प्रत्येकी दीड वर्ष भरते. अपूर्ण वर्ष विचारात घेतलं जात नाही. ते पत्र त्या दुपारी तिच्या पर्समध्येच होतं. पात्राचा कागद तिने त्याच्यावरच ठेवला असणार. योगायोग इतका ढोबळ होता, की वकिलाने खेळात असं काही घातलं असतं तर मामाने त्याला धारेवर धरलं असतं.

हे कळल्यावर वकिलाने स्वतःची समजूत काढली होती: आपण वाईट बोललो, पण बरोबर बोललो. या 'पण'च्या आधाराने त्याने साडेतीन वर्षं काढली. माणूस एका शब्दाला टेकून बरंच लांब जाऊ शकतो. आज मामाच्या मेणाबरोबर तो शब्दही निघून आला, आणि खाली नुसतंच वाईट बोलणं राहिलं.

तो जिन्यात गेला आणि फोन लावला.

"काय रे, कोण गेलं?" ताईने उचलल्या उचलल्या विचारलं. आज कुणाचाच वाढदिवस नव्हता.

"कुणी नाही. ताई, तीन आणि तीन सहा."

"बरं."

"सहाचे निम्मे तीन. चार आणि तीन सात."

"पाढे म्हणून दाखवायला फोन केलायस?"

"तुझा अकरावा स्लॉट होता."

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला. "माहितीये मला," ताई म्हणाली.

"कधीपासून?"

"तेव्हापासून. माझ्याकडे त्या प्रकरणाची झेरॉक्स होती. मामाने सांडायच्या आधीची."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले की. तिसऱ्यांदा सांगायचं त्राण नव्हतं रे. त्याच आठवड्यात आणखी एका ठिकाणी तेच गणित सांगून आले होते."

वकिलाने जिन्याच्या कठड्याला घट्ट धरलं. "मामाने सांगितलं मला. नंतर. मला ठाऊक नव्हतं, ताई."

"ठाऊक असतं तर काय, अकरावा दिला असतास?" ती हसली. "नाही. तू मला समोर बसवून नियम पुन्हा समजावला असतास. तुला मी ओळखत नाही का?"

"तुझी पुजारीण वाचली असती."

"पुजारीण? तिच्यावर कोण टाकत होतं? ती गेली असती तर मी दुसरी केली असती. मी दारवानावर टाकणार होते."

"दारवानावर? तो माझा होता."

"म्हणूनच की. वेड्या, वाळवंटात चौकट घेऊन चालत आणलास त्याला. तो मेला असता तर तू आठवडाभर धड जेवला नसतास. छोटासाच मंत्र होता माझ्याकडे, पण म्हटलं एवढी मोठी बरणी आहे तर त्याला पुरेल."

वकिलाला आठवलं. त्या आठवड्यात तो खरंच धड जेवला नव्हता. ते ताईवरच्या रागाने, असं त्याने तेव्हा आईला सांगितलं होतं.

"ये ना एखाद्या रविवारी," तो म्हणाला. "खुर्ची आहे तुझी. त्या दिवशीची बैठक अजून मी बंद केलेली नाही वहीत. पुढच्या सगळ्या नुसत्या 'पुढे चालू' म्हणून लिहिल्यात. तिथूनच धरू. चार दहापासून."

"रविवारी मला काम असतं."

"कसलं?"

"काही न करायचं. सहा दिवस पूर्णवेळ असते मी आता. यायची नाही रे मी. रागावलेय म्हणून नव्हे. राग केव्हाच गेला. पण तो जाताना एकटा नाही गेला, त्याच्याबरोबर खेळायची हौसही गेली. तिला मी थांबवायला हवं होतं, ते राहून गेलं."

वकिलाला काहीतरी म्हणायचं होतं. माफ कर, हे ते दोन शब्द होते आणि ते अवघडही नव्हते. पण चार वर्षं ठेवणीतले राहिल्याने ते आधी पटकन सापडेनात, आणि सापडले तेव्हा फार उशीर केल्याच्या संकोचाने त्याने ते परत ठेवून दिले.

"बरं, मामाला म्हणावं मिशी काप आता," ताई म्हणाली. "ठेवते. थांब, ठेवायच्या आधी एकदा दारवानाचा आवाज काढ ना."

वकिलाने नाक दाबलं. "पाय पुसले का?" तो म्हणाला. पण सर्दीचा आवाज आलाच नाही. जिन्यात घुमला तो त्याचा स्वतःचा, वयाने वाढलेला, बऱ्यापैकी जड.

"नाही जमलं," ताई म्हणाली. इतक्या मायेने म्हणाली, की तिने चारचौघांत पाणउतारा केला असता तर बरं, असं त्याला वाटलं.

तो आत आला. मामा आणि लिफ्टवाला दोघेही पितळी ड्रॅगनच्या बिजागरीला तेल घालत होते, जणू तेवढ्यासाठीच रविवार असतो.

"काय म्हणाली?" मामाने मान वर न करता विचारलं.

"मिशी काप म्हणाली."

"येतेय?"

वकिलाने चौथ्या खुर्चीवरची प्लास्टरची पिशवी जरा नीट ठेवली. मामाने तेलाची बाटली खाली ठेवली आणि स्वतःच्या मिशीवरून एकदा हात फिरवला. "लिफ्ट चालू असती तर आली असती," तो लिफ्टवाल्याला म्हणाला, आणि लिफ्टवाला, सहा वर्षांत पहिल्यांदाच, यावर काही उलट न बोलता उठला, पान्हा घेतला आणि बाहेर गेला.

वकिलाने वही उघडली. सूत्रधाराच्या निर्णयावर हरकत असेल तर ती सूत्रधाराकडे लेखी द्यावी, असा नियम त्यानेच केला होता. आणि स्वतःच्या प्रकरणात सूत्रधाराने निर्णय देऊ नये, हाही त्याचाच. तेव्हा वरच्याकडे जाणं भाग होतं. त्याने पान नीट आखलं, समास सोडला, आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं:

प्रति,
गेलेल्या वेळेचे मा. प्रभारी अधिकारी,
खाते: जे असेल ते.

विषय: अकरा मिनिटे परत मिळण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराने बैठक क्र. ९७ मध्ये दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, खेळाडू ताई (नाते: सख्खी बहीण) यांचा अकरावा स्लॉट चुकीच्या हिशोबाने नामंजूर केला. चूक अर्जदाराची आहे, मेणाची नाही.

तरी सदर दिवशीची ४.१० ते ४.२१ ही वेळ अर्जदारास एकवार वापरण्यासाठी परत देण्यात यावी. अर्जदार त्या वेळेत फासे फिरवणार नाही, छत सावरणार नाही, कुणाला जिवंत करणार नाही. खेळाडूने "एकदा बघ तरी" असे म्हटल्यावर तो फक्त पुस्तक उघडून बघेल. मेण खरवडण्यास लागणारा वेळ वरील अकरा मिनिटांत धरलेला आहे.

अकरा मिनिटे एकत्र देणे कार्यालयास शक्य नसल्यास, ती अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने सुटी दिली तरी चालतील. अर्जदार त्यांची बेरीज करून घेईल.